पुडीतल्या गोळीचे नाव

आपल्या खेड्यापाड्यांत "अमक्याने औषध घेतले" असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. औषध म्हणजे फवारणीचे, आणि घेतले म्हणजे काय ते मी लिहायला नको. म्हणूनच 2024 सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी मला मनाच्या आजाराची गोळी लिहून दिली, तेव्हा गोळीने काय होईल यापेक्षा मला पहिली काळजी पडली ती ही, की मी "औषध घेते" हे लोकांना सांगायचे कसे? मी मनाशी ठरवले, कोणाला सांगायचेच नाही. आमच्या ह्यांना तेवढे ठाऊक. बाकी लेकाला नाही, सुनेला नाही, शेजारणीला तर नाहीच. हे ठरवणे पुढे माझ्या जिवावर बेतले, ती हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

आमची निफाड तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग. 26 नोव्हेंबर 2023 च्या दुपारनंतर जी गार पडली ती आमच्या भागातला कोणी विसरणार नाही. मणी धरलेले घड अर्ध्या तासात जमिनीवर आले. नुकसान सगळ्यांचेच झाले, आमचे काही वेगळे नव्हते. ह्यांनी चार दिवस डोक्याला हात लावला, पाचव्या दिवशी उठून फांद्या सावरायला लागले. मी मात्र उठलेच नाही. म्हणजे देहाने उठत होते, भाकरी थापत होते. पण मन आत कुठेतरी बसून राहिले ते राहिलेच. पहाटे तीनला डोळा उघडायचा तो पुन्हा मिटायचा नाही. तोंडाला चव नाही. एकदा चुलीपुढे बसले आणि तवा जळून काळा झाला तरी मला कळले नाही. एका सकाळी गाय हंबरून हंबरून थकली आणि मी ओट्यावर बसून तिच्याकडे नुसती बघत राहिले. त्या दिवशी हे म्हणाले, "हे साधे नाही. तू आणि गाईची धार चुकवशील?"

शेजारी "त्र्यंबकला जातो" असे सांगून आम्ही नाशिकला गेलो. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास ऐकून घेतले आणि नैराश्याचा आजार आहे, बरा होतो, म्हणाल्या. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायची. गुण यायला दोनतीन आठवडे लागतील, धीर सोडायचा नाही, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करायची नाही. तसेच झाले. तीन आठवडे काही नाही, चौथ्या आठवड्यात एक दिवस मी बागेच्या बांधावर स्वतःहून गेले. गोळीचे पाकीट मात्र मी तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली पुरून ठेवत होते.

जून महिन्यात थोरल्याच्या घरी पाळणा हलायचा होता, म्हणून मी मुंबईला गेले. तो गोरेगावला मोतीलाल नगरात भाड्याच्या खोलीत राहतो. बैठी घरे, दारात तुळस, गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचे माहीत. खेड्यासारखेच म्हणा ना. अशा ठिकाणी तर लपवणे आणखीच गरजेचे असे मला वाटले. पाकीट गाठोड्यात, लुगड्यांच्या घडीत गेले.

मला साखरेचा आजार आठ वर्षांपासून आहे. त्याने तळपायांची रात्री आग होते. सुनेने ते पाहिले आणि मला जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रीतसर विचारले, "मावशी, आणखी कुठली औषधे चालू आहेत?" सून शेजारीच बसलेली. मी म्हटले, "साखरेची एक. बाकी काही नाही." ते डॉक्टर भले माणूस होते; विचारायचे ते त्यांनी विचारले, खोटे मी बोलले. त्यांनी पायांच्या आगीवर रात्री झोपताना घ्यायची एक बारीक गोळी दिली. तिचे नाव अमिट्रिप्टिलिन. ही गोळी मूळची नैराश्याचीच, पण थोड्या प्रमाणात ती नसांच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीवरही देतात. हे मला पुढे कळले. त्या वेळी ती मला "पायाची गोळी" एवढीच माहीत.

आग थांबली. पण तोंडाला कोरड पडू लागली, पोट साफ होईना, उठून उभी राहिले की अंधारी यायची. मुंबईचे पाणी मानवत नाही अशी मी समजूत करून घेतली. आपल्याकडे निम्म्या दुखण्यांचे कारण पाणी आणि उरलेल्यांचे कारण नजर; तिसरे कारण आपण शोधतच नाही.

जुलैत गुडघ्यांनी ठाण मांडले. स्टेशनचा पूल चढायचा म्हणजे परीक्षा. तेव्हा हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिथेही तोच प्रश्न आणि माझे तेच उत्तर. पायाची गोळीसुद्धा सांगायची राहिली. त्यांनी दिलेली गोळी मिश्र होती. तीत पॅरासिटामॉल होते, ते आपल्याला तापाच्या गोळीमुळे ठाऊक आहे. आणि दुसरे होते ट्रामाडॉल. औषधाच्या दुकानदाराने पट्टी कापून सहा गोळ्या दिल्या, कापताना नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहिला. मला ती "दुखण्याची पांढरी गोळी".

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. आधी हात थरथरायला लागले. बाळ सुनेकडे दिले. मग घाम असा सुटला की चोळी भिजली, आणि वर हुडहुडीही भरली. जीव एका जागी ठरेना, उठावे की बसावे ते कळेना. दोनदा पोट बिघडले. छातीत धडधड. सगळ्यांत भीती वाटली ती पायांची: झोपले तरी मांड्या आणि पोटऱ्या आपोआप झटके मारीत होत्या, जणू ते पाय माझे नव्हतेच. थोरला कामावरून आला आणि म्हणाला, "आई, हिवताप दिसतोय." जुलैतली मुंबई, दुसरे कोणाला काय सुचणार? तशीच मला रिक्षात घालून इस्पितळात नेले.

तिथे एका तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. त्याने डोळ्यांत बॅटरी धरली, घोटा धरून वर ढकलला, आणि थोरल्याला विचारले, "ह्या मनाच्या आजाराच्या काही गोळ्या घेतात का?" थोरला म्हणाला, "छे हो, आमची आई!" मी तोंड उघडायला गेले तर दात एकमेकांवर आपटत होते. आणि खरे सांगते, त्याही वेळी अर्धे मन म्हणत होते, नको सांगू.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. घरून सून बोलत होती. महिन्याची बाळंतीण, ती काही इस्पितळात आली नव्हती. ती म्हणाली, "आईंच्या गाठोड्यात एक पाकीट आहे. नाव वाचते, लिहून घ्या." तिने इंग्रजी अक्षरे एकेक करून वाचली. त्या डॉक्टरचा चेहरा उजळला. हवे ते त्याला सापडले होते.

मागाहून मी सुनेला विचारले, तुला कसे माहीत? ती म्हणाली, "आई, मला पंधरा दिवसांपूर्वीच कपडे वाळत घालताना दिसले होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." बघा आता. मी तिच्यापासून लपवीत होते आणि ती माझ्यासाठी लपवीत होती. दोघींचा हेतू चांगला, आणि मधल्यामध्ये तीन डॉक्टरांच्या तीन गोळ्या माझ्या पोटात एकमेकींना भेटत होत्या.

काय झाले होते ते त्या तरुण डॉक्टरने मला दोन दिवसांनी शांतपणे समजावले, ते जसे कळले तसे सांगते. आपल्या मेंदूत आणि नसांत निरोप पोचवणारे एक द्रव्य असते, त्याला सिरोटोनिन म्हणतात. निरोप पोचला की नस ते द्रव्य परत शोषून घेते. फ्लुओक्सेटिन हे शोषणे रोखते, म्हणून सिरोटोनिन जास्त वेळ टिकते आणि हळूहळू मन सावरते. अमिट्रिप्टिलिनही तेच शोषणे रोखते. आणि ट्रामाडॉल, जे आपण निव्वळ दुखण्याचे औषध समजतो, तेही रोखते. तिघींनी मिळून बांध घातला आणि पाणी शेतावर चढले.

दुसरीही एक गोष्ट झाली. यकृत औषधांना मोडून शरीराबाहेर काढते. पालखेडच्या कालव्याला आवर्तन आले की चारीच्या तोंडातून पाणी जसे पुढे जाते, तशा ह्या गोळ्या यकृतातल्या ठरावीक दारांतून निघून जातात. फ्लुओक्सेटिनचा गुण असा की अमिट्रिप्टिलिन ज्या दाराने जाते त्या दारात ते बोळा खुपसून ठेवते. त्यामुळे डॉक्टरांनी दिली होती थोडीशी, पण माझ्या रक्तात साचली होती कितीतरी जास्त. कोरड, अंधारी, पोट न होणे हे सगळे त्या साचण्याचे. पाण्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

उपचार फार मोठा नव्हता. तिन्ही गोळ्या बंद, सलाइन, अंग शिथिल करणारे इंजेक्शन, आणि सायप्रोहेप्टाडिन. हे शेवटचे नाव ऐकून सून हसली. लेकरांना भूक लागावी म्हणून खेड्यात जे औषध देतात तेच हे. ते सिरोटोनिनला अडवते, म्हणून अशा वेळी उपयोगी पडते. तिसऱ्या दिवशी मी घरी आले. उशीर झाला असता तर ताप चढून, स्नायू आखडून, फिट येऊन माणूस जातोही, असे डॉक्टरने लपवून न ठेवता सांगितले.

असा प्रकार जगात नवा नाही. 1984 साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात लिबी झायॉन नावाची 18 वर्षांची मुलगी तापाने दाखल झाली. ती नैराश्यावर फेनेल्झिन घेत होती. तिला थरथर थांबावी म्हणून पेथिडिनचे इंजेक्शन दिले गेले, आणि काही तासांत ती गेली. ती दोन औषधे एकत्र आली हेच तिच्या मृत्यूचे कारण असे पुढे बहुतेकांनी मानले. तिच्या वडिलांनी ते प्रकरण धसास लावले आणि शिकाऊ डॉक्टरांनी सलग किती तास काम करावे याचे नियम त्या राज्यात 1989 पासून आले. फेनेल्झिनच्या जातीच्या गोळ्या आता फार क्वचित देतात. गंमत अशी की त्या जातीचा जन्म क्षयाच्या औषधातून झाला. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्षयरुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेले रोगी एकाएकी उत्साहाने हिंडू-फिरू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले की हे औषध मनालाही लागू पडते. क्षयाशी असलेले ते नाते अजून पुरते तुटलेले नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर आज लिनेझोलिड देतात, आणि त्याचाही थोडा अंश त्याच जातीचा आहे. ज्यांच्या घरी क्षयाचा रोगी आहे आणि तो मनाचीही गोळी घेतो, त्यांनी दोन्हीकडच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

आता गोष्टीचा दुसरा भाग. मला वाटते, तोच जास्त महत्त्वाचा.

ऑगस्टअखेर मी गावी परतले आणि नाशिकच्या डॉक्टरीणबाईंना सगळे कबूल केले. त्यांनी फ्लुओक्सेटिन पुन्हा एकटेच सुरू केले. गुडघ्यांना शेक आणि व्यायाम, पायांना वेगळा उपाय. मन बरे राहिले, पण झोप आणि भूक काही पूर्वपदावर येईनात. ऑक्टोबरात बाई म्हणाल्या, "आता याच्या जोडीला रात्री दुसरी एक गोळी देऊन बघू. मिर्टाझापिन."

मी खुर्चीतच मागे सरकले. "बाई, पुन्हा दोन? एकदा मरता मरता वाचले."

त्या म्हणाल्या, "तेव्हा दोन गोळ्या तुमच्या पोटात चोरून भेटल्या होत्या. आता मी त्यांची भेट घालून देते आहे. तुमच्या बागेत बोर्डो करता ना?"

वाचकहो, बोर्डो मिश्रण आमच्या घरी चाळीस वर्षे होते आहे. एक टक्का करायचे तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. नुसते मोरचुदाचे पाणी पानावर गेले तर पान करपते. चुन्याशी त्याची नीट जोड घातली तर तेच पान डावणीपासून वाचते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे, लोखंडाचे भांडे वापरायचे नाही, आणि एकत्र केले की घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस थर आला तर जोड बिघडली, आणखी चुन्याची निवळी घालायची. थर नाही आला तर फवारायला हरकत नाही, तेही त्याच दिवशी. हे करताना आमचे हे कोणाला हात लावू देत नाहीत. पण दुसऱ्याने काय कालवले ते माहीत नसताना त्याच टाकीत आणखी काही ओतले, तर काय होते ते तुम्ही सगळे जाणता.

बाईंनी सांगितले ते थोडक्यात असे. मिर्टाझापिनची काम करण्याची रीत फ्लुओक्सेटिनपेक्षा वेगळी आहे. ती सिरोटोनिनचे शोषण रोखत नाही, म्हणून ह्या दोघींची जोडी मनाचे डॉक्टर बऱ्याचदा घालतात. झोप आणि भूक ती वाढवते. मला साखर असल्याने वजनावर लक्ष ठेवावे लागेल. सुरुवात लहान मात्रेने, आणि एका वेळी एकच बदल. म्हणजे नवी गोळी सुरू केली त्याच आठवड्यात जुनीची मात्रा हलवायची नाही, नाहीतर काही झाले तर कोणामुळे झाले ते कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थरथर, घाम, झटके, बेचैनी यांतले काही दिसले तर वाट न बघता फोन. आणि दोन्ही गोळ्या एकाच डॉक्टरच्या हातात. दुसऱ्या कोणी काही दिले तर आधी त्यांना विचारायचे.

मी विचारले, दोन घेतल्या म्हणजे दुप्पट गुण का? त्या हसल्या. "तसे नसते. ब्रिटनमध्ये 2018 साली 480 रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चालू गोळीला मिर्टाझापिन जोडून म्हणावा असा फरक पडला नाही. पुढे 2022 मध्ये 39 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात अशा जोडीचा फायदा दिसला. म्हणून बघू म्हणते. सहा-आठ आठवड्यांत उपयोग दिसला नाही, तर हळूहळू काढून टाकू." मला हे बोलणे आवडले. खात्री देणाऱ्या बियाणेवाल्यापेक्षा "बघू" म्हणणारा मला केव्हाही जास्त खरा वाटतो.

बदलाबद्दलही त्यांनी एक सांगितले. एक गोळी सोडून दुसरी धरायची असते तेव्हा मधे किती दिवस ठेवायचे हे प्रत्येक गोळीचे वेगळे. फ्लुओक्सेटिन फार चिवट, बंद केले तरी त्याचा अंश महिनाभराहून जास्त अंगात राहतो. त्यामुळे फेनेल्झिनच्या जातीची गोळी त्याच्यामागून द्यायची तर पाच आठवडे थांबतात. इतर गोळ्यांच्या बाबतीत सहसा दोन आठवडे. घरातल्या दुसऱ्याची उरलेली गोळी "तीही झोपेचीच आहे" म्हणून घेणे किती वाईट, ते यावरून लक्षात यावे.

आता तुमच्या-माझ्या रोजच्या व्यवहारातल्या चार गोष्टी. आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा कागदाच्या पुडीत गोळ्या देतात: सकाळची लाल, रात्रीची पिवळी. पुडीवर नाव नसते. अवश्य विचारा, "डॉक्टर, यावर नाव लिहून द्या." कोणी रागावत नाही, मी विचारून बघितले आहे. नाव म्हणजे कंपनीने ठेवलेले नव्हे, आतल्या औषधाचे. कीटकनाशकाच्या दुकानात आपण बाटली फिरवून आतला घटक कोणता ते बघतो, कारण एकाच घटकाच्या दहा कंपन्यांच्या बाटल्या असतात आणि दोन वेगळ्या समजून फवारल्या तर दुप्पट होते. गोळ्यांचेही अगदी तसेच. सप्टेंबर 2018 पासून केंद्राचा नियम आहे की एकाच घटकाच्या औषधाचे खरे नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे. मिश्र गोळ्यांना तो नियम नाही, आणि घोटाळा नेमका मिश्र गोळ्यांतच होतो. पट्टी कापून घ्याल तर नावाचा तुकडा आपल्याकडे राहील असे बघा. नाहीतर दुकानदाराकडून नाव लिहून घ्या. लेकरे शाळेत जातात, त्यांना वाचायला लावा.

मनाची गोळी चालू असताना खोकल्याचे औषध आणलेत तर त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते दुकानदाराला विचारा, त्यानेही हाच घोटाळा होऊ शकतो. अंगदुखीची गोळी आपण कापणीच्या दिवसांत शेंगदाण्यासारखी खातो; डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या गोळ्या फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दारू कोणत्याच गोळीला चालत नाही, हे ज्यांना सांगायला हवे ते हा मजकूर वाचत असतील तर बरे.

हे सगळे वाचून कोणी घाबरून आपली चालू गोळी आजच्या आज बंद करील, तर तो माझ्यापेक्षा मोठी चूक करील. एकदम बंद केल्याने चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपेचे हाल होतात आणि आजार उलटतो. दोन गोळ्या घेत असाल तर दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, एवढेच. माझ्यासारखी थरथर, घाम आणि पायांचे झटके मात्र आले तर घरी बसू नका. पुढची गोळी न घेता, सगळी पाकिटे पिशवीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आणखी एक, जे लिहिताना हात अडखळतो. अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी जास्त प्रमाणात गेली तर हृदयावर घात करते. ज्या घरात मन खचलेले माणूस आहे त्या घरात गोळ्यांचा डबा आणि फवारणीचे औषध दोन्ही कुलपात हवेत, आणि किल्ली दुसऱ्याकडे. आमच्याकडे ती ह्यांच्या करगोट्याला असते. रात्री-अपरात्री मन फारच खाली गेले तर 14416 हा सरकारी क्रमांक आहे, टेलीमानस म्हणतात त्याला. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दोन वाजता लावला होता. पलीकडच्या मुलीने मला आधी विचारले, "ताई, जेवलात का?"

सुनेने गोरेगावहून मला दोनशे पानांची एक वही पाठवली. पहिल्या पानावर तिनेच लिहिले आहे: गोळीचे खरे नाव, कशासाठी, कोणी दिली, कधी सुरू, कधी बंद. सगळे देवनागरीत. आता मी कुठल्याही डॉक्टरकडे जाते ती वही आणि पाकिटांची पिशवी घेऊन. डोळे तपासायला गेले तेव्हाही नेली. मिर्टाझापिनचा मला गुण आला; 2025 च्या उन्हाळ्यात बाईंनी ते हळूहळू कमी केले आणि वहीत "बंद" अशी तारीख पडली. फ्लुओक्सेटिन अजून आहे.

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतरची गोष्ट. हे बांधावर बोर्डो कालवीत होते, पाचसहा बाया कामाला होत्या. ह्यांनी विळा बुडवून वर काढला, उन्हात धरून बघितला, आणि तिथूनच मला हाक मारली, "मनाची गोळी घेतलीस का गं?" मी मान खाली घातली. बायांतली एकही हसली नाही. संध्याकाळी मजुरी घेऊन सगळ्या गेल्या, एक मागे राहिली. इकडे तिकडे बघून तिने कनवटीची कागदाची पुडी काढली. आत दोन रंगांच्या गोळ्या होत्या. म्हणाली, "वहिनी, यांचं नाव काय असंल, कुणाला इचारावं?"

मी वही आणायला आत गेले.